स्ट्रॉबेरीवर खाण्यायोग्य लेप दिला तर ती खरंच जास्त टिकते का?

हो, टिकते, पण थंडाव्याच्या जोडीनेच. नुसत्या लेपाच्या भरवशावर उन्हात ठेवलेलं पनेट (फळांचा छोटा डबा) वाचत नाही. या फळाची साल इतकी पातळ की तोडल्यापासून पाणी उडायला लागतं आणि करडी बुरशी (बोट्रायटिस) शिरते. सर्वाधिक तपासलेला लेप कायटोसान या नैसर्गिक पदार्थाचा. सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात तो साधारण 1 ते 1.5 टक्के विरघळवतात, फळ थोडा वेळ बुडवून वाऱ्यावर सुकवतात. थर बाष्प अडवतो, फळाचा श्वसनवेग उतरवतो, शिवाय कायटोसान स्वतःच बुरशीला आवर घालतं. कॅनडातल्या संशोधकांनी 1991 साली 13 अंशांना साठवलेल्या स्ट्रॉबेरीवर हे दाखवलं होतं. सुकवणं मात्र नीट हवं: देठाच्या पाकळ्यांखाली ओल राहिली तर लेप न दिलेलाच बरा. महाबळेश्वर-पाचगणीकडच्या बागायतदाराने पैसे आधी प्रीकूलिंगवर, म्हणजे तोडलेलं फळ लगेच गार करण्यावर घालावेत (0 ते 2 अंश), लेप त्यानंतर. आणि कायटोसान बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनतं, त्यामुळे शाकाहारी गिऱ्हाईक असेल तर अल्जिनेट (समुद्री शेवाळातला पदार्थ) किंवा कोरफडीचा गर वापरा; बुरशीवर त्यांचा परिणाम तितका भरवशाचा नसतो.