जुनी डिझेल गाडी चढावर तापते, ट्रॅफिकमध्ये नाही. आधी काय तपासू?

उभ्या गाडीत तापमानाचा काटा जागेवर राहतो म्हणजे फॅन बहुधा ठीक आहे. फॅन बिघडला की नेमकं उलटं होतं. संशय थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरकडे वाट उघडून देणारी झडप) आणि रेडिएटरवर घ्या.

थंड इंजिन सुरू करा आणि फॅनपासून जपून इंजिनातून रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या होज पाइपला अधूनमधून हात लावून बघा. काटा वर चढला तरी पाइप कोमटच असेल तर थर्मोस्टॅट अडकलाय. काढून तापत्या पाण्यात टाका. साधारण ८० ते ९० अंशांदरम्यान उघडायला लागला नाही तर बदला. ‘काढूनच टाका, त्याशिवाय चालते’ असं सांगणारे भेटतील. ऐकू नका, डिझेल इंजिन थंड राहिलं की धूर आणि डिझेलचा खप दोन्ही वाढतात.

तो ठीक निघाला तर रेडिएटर: बाहेरून चिखल-किडे, आतून गंज. वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलेल्या गाड्यांत बहुतेक हेच निघतं. साफ करून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा, आतली हवा काढा.

हो, थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरातच पाइप दगडासारखा कडक होत असेल आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅसकेटच (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) बघा. बाकीच्यावर पैसे घालवू नका.