‘डार्क टुरिझम’ला मराठीत काय म्हणावे?

भाची इथे ग्वाल्हेरातच एका ट्रॅव्हल कंपनीत आहे. पुण्याहून येणाऱ्या मंडळींसाठी मरणाच्या, यातनांच्या जागा दाखवणाऱ्या सहलीचे पत्रक करताना तिने विचारले, “मामा, डार्क टुरिझमला ‘काळे पर्यटन’ चालेल ना?” पत्रकात ठिकाणे तीन: किल्ल्यावरचे जौहर कुंड, तिथल्याच मानमंदिर राजवाड्याचे तळघर आणि फुलबागेतली राणी लक्ष्मीबाईंची समाधी.

नाही चालणार. आपल्याकडे काळा म्हटला की बाजार नाहीतर पैसा. काळे पर्यटन म्हणजे बिनपावतीची सहल वाटेल. ‘कृष्णपर्यटन’ म्हणावे तर लोक मथुरेची तिकिटे मागतील.

मूळ शब्द लेनन आणि फोली या ग्लासगोच्या अभ्यासकांनी १९९६ मध्ये रूढ केला. नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीसारखी मरणाची, यातनांची जागा प्रवाशांपुढे माल म्हणून कशी येते, हा त्यांचा विषय. त्याच वर्षी सीटन यांनी मृत्यूवाचक ग्रीक शब्द घेऊन ‘थॅनाटूरिझम’ म्हटले. त्यावरून कोणी ‘मृत्युपर्यटन’ सुचवील, पण मराठी कानाला ते काशीला देह ठेवायला निघाल्यासारखे लागते.

राहिला ‘शोकपर्यटन’. अर्थाने चोख, पण ग्वाल्हेरच्या आमच्या लश्कर भागात निम्मी मराठी हिंदीच्या कानाने ऐकली जाते. इथे ‘शोक’चा ‘शौक’ व्हायला वेळ लागत नाही. (धंद्याकडे पाहिले तर ही चूक अगदीच चूक नाही!) म्हणून मी ‘शोकस्थळ पर्यटन’ म्हणेन. ‘स्थळ’ ऐकून आमच्या आत्याबाई मुलगा काय करतो विचारतील, तेवढे सोसावे.

पण खरी अडचण नामाची नाही, क्रियापदाची आहे. समाधीला आपण ‘दर्शनाला’ जातो. ज्या घरी माणूस गेले तिथे ‘भेटायला’ जातो आणि निघताना ‘येतो’ म्हणत नाही, गुपचूप चपला घालतो. पानिपतावर ‘काला आम’ या युद्धस्मारकाला जाणारे कोणी ‘फिरायला गेलो होतो’ म्हणताना मी ऐकले नाही. १७६१ अजून घरातलेच आहे. ‘बघायला’ जातो ते दुसऱ्याचे.

मानमंदिराच्या तळघरात गाइड टॉर्च छताकडे मारतो. म्हणतो, इथे राण्यांचे झोपाळे टांगत, हे ‘झूलाघर’. मोगलांनी कैदखाना केला तेव्हा हेच ‘फाँसीघर’. औरंगजेबाने सख्ख्या भावाला, मुरादला, याच किल्ल्यात कैदेत ठेवून १६६१ मध्ये मारवले. गाइड ‘झूलाघर’ हळू म्हणतो आणि ‘फाँसीघर’ मोठ्याने. मोबाइल वर होतात ते दुसऱ्या शब्दाला. उलट शिखांचे गुरू हरगोविंदही याच किल्ल्यावर कैदेत होते, पण तिथल्या गुरुद्वाऱ्याचे नाव ‘दाता बंदी छोड’. परंपरेप्रमाणे त्यांनी आपल्याबरोबर बावन्न राजांना सोडवून नेले. शिखांनी नावात कैद ठेवली नाही, सुटका ठेवली.

भाचीच्या पत्रकात मला सगळ्यांत खुपले ते ‘काळे’ नव्हेच. ‘जौहर कुंडाचा थरार अनुभवा’ अशी ओळ होती. १२३२ मध्ये दिल्लीच्या सुलतान अल्तमशाने किल्ला घेतला तेव्हा तिथे बायकांनी आगीत उड्या घेतल्याचे सांगतात. थरार कोणाचा? मी ‘थरार अनुभवा’ खोडून ‘जौहर कुंडापाशी थांबू’ लिहिले. भाचीचे साहेब म्हणाले, ह्याने बुकिंग येत नाही. शेवटी छापून आले ते ‘जौहर कुंड पाहू’. ‘दर्शन’ समाधीपुरते राहिले आणि मथळा ‘शोकस्थळ पर्यटन’. प्रूफात तो ‘शौकस्थळ’ झाला होता, भाचीने वेळेवर पकडला.