सेन्ना हिरो आणि प्रोस्ट राजकारणी, हे खरं आहे का?

तुम्ही विचारलंय की फॉर्म्युला वनच्या गाड्या चालवणारे आयर्टन सेन्ना आणि अ‍ॅलन प्रोस्ट या दोघांत गुणवत्ता, स्वभाव आणि टीमसाठी चालवायची वृत्ती, या तिन्ही बाबतींत सरस कोण? आणि पुढच्याच ओळीत निकालही देऊन टाकलाय: सेन्नावरचा माहितीपट पाहिल्यापासून सेन्ना हिरो वाटतो आणि प्रोस्ट राजकारणी.

माझंही बरीच वर्षं हेच मत होतं. (सेना असं लिहिलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे भलतंच काहीतरी येतं, म्हणून मी आपला सेन्ना लिहितो.) मत बदललं ते नोकरीमुळे. मी गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये होतो. नगरजवळच्या ट्रॅकवर आमचे दोन ड्रायव्हर असायचे. त्यांतला एक जण लॅप, म्हणजे ट्रॅकची फेरी, मारायला लागला की चहा टाकून लोक बघायला यायचे; टायर किंचाळतायत, गाडी वळणावर तिरकी होतेय. दुसरा चालवताना वाटायचं, हा मंडईत भाजी आणायला निघालाय. घड्याळात मात्र दोघांत सेकंदाचाही फरक नसायचा. संध्याकाळी चाकं उतरवली की पहिल्याच्या ब्रेक पॅडचा निकाल लागलेला, आणि दुसऱ्याचे अजून दोन दिवस सहज गेले असते. ते पॅड हातात घेऊन बघेपर्यंत मला प्रोस्ट कळलाच नव्हता.

आता गुणवत्तेचं बोलू. एका लॅपचा वेग हाच निकष असेल तर वाद संपला, सेन्ना. क्वालिफाइंग, म्हणजे शर्यतीत कोण कुठल्या जागेवरून सुटणार हे ठरवणाऱ्या फेऱ्या, म्हणजे आपल्या जुन्नर-खेडकडच्या बैलगाड्याच्या घाटातली बारी: बाजूला कुणी नाही, तुम्ही आणि घड्याळ. त्यात सेन्नाची कारकिर्दीत ६५ पोल (म्हणजे सगळ्यांत पुढची जागा), प्रोस्टची ३३. पण दोघांच्या गाड्या, वर्षं, टीम वेगळ्या, म्हणून खरी तुलना १९८८ आणि १९८९ याच दोन वर्षांची. तेव्हा दोघेही मॅक्लारेनमध्ये होते, इंजिन होंडाचं, गाडी तीच. १९८८च्या १६ शर्यतींत सेन्नाने १३ पोल घेतल्या, प्रोस्टने २. मोनॅकोला तर सेन्नाची वेळ प्रोस्टपेक्षा १.४२७ सेकंदांनी कमी होती. त्याच गाडीत, त्याच अरुंद गल्ल्यांत! सेन्ना नंतर म्हणायचा की त्या लॅपला आपण भान हरपून चालवत होतो, आणि मग स्वतःलाच भीती वाटून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या बाजूच्या टीमच्या जागेत, परत आलो. हे नाटक नव्हतं असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी शर्यत. सेन्ना पहिला, प्रोस्ट बर्गरच्या फेरारीमागे अडकलेला. प्रोस्ट सुटला तोवर सेन्ना इतका पुढे होता की टीमने त्याला जरा सबुरीने घे असं सांगितलं. ६७व्या लॅपला, बोगद्याच्या जरा आधी, पोर्टिएच्या वळणावर त्याची गाडी कठड्यावर गेली. मागे कुणीही नसताना. शर्यत प्रोस्टने जिंकली. सेन्ना तिथून चालत मोनॅकोतल्याच आपल्या घरी गेला आणि कितीतरी वेळ टीमला त्याचा पत्ता नव्हता.

या एका शनिवार-रविवारात दोघांबद्दल जवळपास सगळं आलं. सेन्नाला 'पुरेसं' हा शब्दच ठाऊक नव्हता. प्रोस्टचा तर तो धंदाच होता. कमीत कमी वेगात जिंकायचं, गाडीत काहीतरी शिल्लक ठेवायचं, टायर आणि ब्रेक शेवटच्या दहा लॅपसाठी राखायचे. त्या काळी टर्बो गाड्यांना इंधनाची मर्यादा असायची, १९८८ला १५० लिटर. थेंबाथेंबाचा हिशोब. लोक त्याला 'प्रोफेसर' म्हणायचे. १९८६ला ॲडलेडला प्रतिस्पर्धी मॅन्सेलचा टायर फुटला आणि विजेतेपद प्रोस्टच्या झोळीत पडलं असं सांगतात. त्याच शर्यतीत प्रोस्टचाही टायर आधी पंक्चर होऊन त्याचा वेळ गेला होता, गाडीतला मीटर इंधन संपल्याचं दाखवत होता, आणि सीमारेषा ओलांडल्या ओलांडल्या तो गाडी थांबवून बाहेर पडला, हे कुणी सांगत नाही.

ही वृत्ती त्याच्यात जन्मजात नव्हती. १९८४ला त्याने सात शर्यती जिंकल्या, जोडीदार निकी लाउडाने पाच, आणि विजेतेपद लाउडाला मिळालं. अर्ध्या गुणाने! हा अर्धा गुण आला कुठून, तर मोनॅकोहून. पावसामुळे ती शर्यत निम्म्याआधीच थांबवली म्हणून गुण निम्मे: प्रोस्टला नवाऐवजी साडेचार. तेव्हा मागून भन्नाट वेगाने अंतर कापत येणारा पोरगा होता टोलमन टीममधला सेन्ना. सेन्नाचे चाहते आजही म्हणतात की शर्यत थांबवून प्रोस्टला वाचवलं. अहो, शर्यत पूर्ण होऊन प्रोस्ट दुसरा आला असता तरी त्याला सहा गुण मिळाले असते, आणि तो त्याच वर्षी चॅम्पियन झाला असता. त्या 'वाचवण्यानेच' त्याचं विजेतेपद गेलं. यानंतर माणूस गुण मोजायला शिकणार नाही तर काय?

आणि मोजूनही १९८८ला फसला. तेव्हा फक्त सर्वोत्तम ११ निकाल धरायचे. प्रोस्टचे एकूण गुण १०५, सेन्नाचे ९४. नियमाने कापाकापी झाल्यावर प्रोस्टचे ८७ धरले गेले आणि सेन्नाचे ९०. चॅम्पियन सेन्ना. नियम दोघांना आधीपासून माहीत होता, त्यामुळे तक्रार नाही. पण दोन्ही वर्षांचे कच्चे गुण जोडून बघा: प्रोस्ट १८६, सेन्ना १५४. विजय मात्र सेन्नाचे १४, प्रोस्टचे ११. (८९ला सेन्नाची गाडी जास्त वेळा बंद पडली हेही खरं, ते त्याच्या बाजूने धरा.)

पावसात मात्र सेन्ना, यात काही बोलायचंच नाही. १९९३ची डॉनिंग्टनची पहिली लॅप काढून बघा, पाचवरून पहिला, एका लॅपमध्ये. प्रोस्ट त्याच दिवशी टायर बदलायला सात वेळा पिटमध्ये गेला. पावसात घाबरतो म्हणून त्याची टिंगल व्हायची. ती टिंगल मला आवडत नाही. १९८२ला हॉकेनहाइमला, पावसाच्या तुषारांत काही दिसत नसताना, पिरोनीची फेरारी मागून प्रोस्टच्या गाडीवर चढली. पिरोनीच्या पायांचा पार चुराडा झाला आणि तो पुन्हा कधी फॉर्म्युला वनमध्ये उतरला नाही. त्यानंतर पावसात 'मी नाही चालवत' म्हणायला प्रोस्टला लाज वाटली नाही. १९८९ला ॲडलेडच्या मुसळधार पावसात तो एका लॅपनंतर सरळ बाहेर पडला. त्याच शर्यतीत आघाडीवर असलेला सेन्ना ब्रंडलच्या गाडीच्या मागच्या बाजूवर जाऊन आदळला, कारण पुढची गाडी दिसलीच नाही.

टीम स्पिरिटबद्दलचा तुमचा प्रश्न मला जरा भाबडा वाटला, रागावू नका. क्रिकेटमध्ये जोडीदाराने शतक मारलं तर संघ जिंकतो. इथे जोडीदार हा पहिला शत्रू असतो, कारण जगात तेवढा एकच माणूस तुमचीच गाडी चालवतोय. तो पुढे गेला की तुमच्याकडे सबब उरत नाही.

हे ध्यानात ठेवून आता बघा. सेन्नाला मॅक्लारेनमध्ये घ्यायचं ठरत होतं तेव्हा प्रोस्ट तिथला राजा होता. त्याने अडवलं नाही, उलट पाठिंबा दिला. याउलट सेन्नाने लोटसमध्ये असताना १९८६साठी डेरेक वॉर्विकला येऊ दिलं नव्हतं, कारण दोन चांगल्या ड्रायव्हरना पुरेल एवढी ताकद टीममध्ये नाही असं त्याचं म्हणणं. मग १९९३साठी प्रोस्टने विल्यम्स टीमशी करार करताना सेन्ना जोडीदार नको अशी अटच घातली, आणि सेन्ना त्याला जाहीरपणे भित्रा म्हणाला. भित्रा? वॉर्विकला विचारा. पण प्रोस्टचंही कौतुक नको. स्वतः सोसलेल्यावर त्याने तेच केलं, आणि करिअरच्या शेवटी सोपी वाट धरली.

दोघांमध्ये ठिणगी पडली ती १९८९च्या इमोलाला. ठरलं होतं की सुरुवातीला पहिल्या वळणापर्यंत जो पुढे असेल त्याला दुसऱ्याने ओलांडायचं नाही. बर्गरच्या भीषण अपघातामुळे शर्यत थांबली, पुन्हा सुरू झाली, प्रोस्ट पुढे निघाला आणि टोसाच्या वळणाला सेन्नाने त्याला ओलांडलं. सेन्नाचं म्हणणं, करार पहिल्या सुरुवातीचा होता, दुसऱ्या नव्हे. हे वाचून मला आमच्या सोसायटीतली पार्किंगची भांडणं आठवतात. मॅक्लारेनचे प्रमुख रॉन डेनिस यांनी समेट घडवायचा प्रयत्न केला, तर प्रोस्टने आतली गोष्ट फ्रेंच पत्रकाराला सांगितली. म्हणजे एकाने शब्द मोडला, दुसऱ्याने घरातलं भांडण चव्हाट्यावर आणलं. त्याच वर्षी मोंझाला जिंकल्यावर प्रोस्टने चषक खाली फेरारीच्या चाहत्यांच्या गर्दीत दिला. मॅक्लारेनमध्ये चषक टीमचा असतो, आणि हा गडी पुढच्या वर्षी फेरारीत जाणार हे तोवर जाहीर झालेलं! डेनिस यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

सेन्ना चांगला जोडीदार झाला तो पुढे मॅक्लारेनमध्ये आलेल्या बर्गरचा. दोघं एकमेकांच्या खोड्या काढायचे, आणि १९९१ला जपानमधल्या सुझुकाच्या शेवटच्या वळणावर सेन्नाने त्याला विजय देऊन टाकला. कारण बर्गरपासून धोका नव्हता. हे मी कुचकटपणे म्हणत नाही. धोका नसला की सेन्ना किती दिलदार असायचा हेही खरंच आहे. १९९२ला स्पाला सरावात एरिक कोमासच्या गाडीचा अपघात झाला, तेव्हा सेन्ना आपली गाडी थांबवून ट्रॅकवरून धावत गेला आणि त्याचं चालू इंजिन बंद केलं. मागून गाड्या येत होत्या.

आता सुझुका, कारण तुमचा 'राजकारणी' हा शब्द तिथून आलाय. १९८९ला शिकेनमध्ये, म्हणजे वेग कमी करायला लावणाऱ्या जोडवळणात, दोघे एकमेकांत अडकले, प्रोस्ट उतरला, सेन्नाने गाडी ढकलून घेतली, नाक बदलून घेतलं, शर्यत जिंकली आणि बाद झाला. प्रोस्टने दार लावलं होतं, म्हणजे सेन्नाची वाट अडवली होती, थोडं आधीच लावलं होतं, असं मला वाटतं. पण बाद ठरवण्याचं कारण आणि नंतरचा एक लाख डॉलरचा दंड हा अन्याय होता, आणि तो मोटर शर्यतींच्या महासंघाचे अध्यक्ष बालेस्त्र यांच्या कारकिर्दीतला. ते फ्रेंच, प्रोस्ट फ्रेंच, लोकांनी दोन अधिक दोन केलं.

१९९०ला मात्र सेन्नाने पहिल्याच वळणावर, ताशी दोनशेच्या वर वेग असताना, पाय न उचलता फेरारीतल्या प्रोस्टला बाहेर नेलं. मागे सगळा ताफा येत होता. वर्षभराने स्वतःच कबूल केलं की ठरवून केलं. पोलची जागा ट्रॅकच्या धुळीच्या बाजूला दिली याचा राग होता म्हणे. माहितीपटात हे सूड म्हणून छान दिसतं. मी गाड्यांच्या धडकेच्या चाचण्या बघितल्यात, मला ते छान दिसत नाही. राजकारण्याने तुमचा गुण घेतला तर पुढच्या वर्षी परत मिळवता येतो.

तर माझं उत्तर: वेग सेन्नाचा, डोकं प्रोस्टचं, आणि टीमचा माणूस दोघांपैकी कुणीच नाही. स्वभावाबद्दल मात्र मला एक फरक दिसतो. प्रोस्टची लढाई सगळ्या सीझनशी होती, सेन्ना असो, मॅन्सेल असो, पिके असो. सेन्नाची लढाई प्रोस्टशी होती. म्हणूनच १९९३च्या नोव्हेंबरात ॲडलेडला प्रोस्टची शेवटची शर्यत झाली आणि सेन्ना जिंकला, तेव्हा त्यानेच प्रोस्टला ओढून आपल्या पायरीवर घेतलं. त्यानंतर प्रोस्ट सांगतो की सेन्ना त्याला वरचेवर फोन करायचा. १ मे १९९४च्या सकाळी इमोलाला, फ्रेंच टीव्हीसाठी गाडीतून बोलत लॅप मारताना, सेन्नाने रेडिओवर आपल्या मित्राला, अ‍ॅलनला, नमस्कार सांगितला आणि तुझी उणीव जाणवते म्हणाला. प्रोस्ट तेव्हा त्याच चॅनलवर समालोचक होता. दुपारी शर्यतीत टांबुरेलोच्या वळणावर, जिथे पाच वर्षांपूर्वी बर्गरची गाडी जळाली होती, सेन्नाचा जीवघेणा अपघात झाला. साओ पावलोला शवपेटीबरोबर चाललेल्या ड्रायव्हरांत प्रोस्ट होता.

माहितीपट पुन्हा बघणार असाल तर ॲडलेडच्या पोडियमचं, म्हणजे विजेत्यांच्या चौथऱ्याचं, दृश्य जरा थांबवून बघा. प्रोस्ट ओशाळलेला आहे. खूश सेन्ना दिसतो.