वाचकांचे प्रश्न : रस्ता ओलांडायला किती सेकंद?

प्रश्न : मी बडोद्यातील एका अध्यापक महाविद्यालयात बी.एड.च्या वर्गाला गणित अध्यापन शिकवते. यंदा गणित आणि सामाजिक विज्ञान या दोन्ही अध्यापन पद्धतींच्या छात्राध्यापकांनी मिळून गणिती प्रतिमानांचा (मॉडेलांचा) एक प्रकल्प करावा, असे ठरले. एका विद्यार्थ्याने माणशी रोज 135 लिटर धरून आजवा जलाशयाचे पाणी शहराला किती दिवस पुरेल, ते काढले. उत्तर बरोबर आले, परंतु त्यात नागरिकशास्त्र कोठे आहे, हे मला सांगता येईना. दुसऱ्या गटाने नगरसेवकांच्या निवडणुकीचा विषय काढला, तर सहकारी म्हणाले, ‘हे राजकारण आहे, यात पडू नका.’ काय करावे?
– एक प्राध्यापिका, दांडिया बाजार

उत्तर : आपल्या विद्यार्थ्याचे गणित बरोबर आहे आणि आपली रुखरुखही बरोबर आहे. त्या उदाहरणात आजव्याऐवजी ‘एक टाकी’ असे लिहिले असते, तरी उत्तरात काडीचा फरक पडला नसता. 135 लिटर हा सरकारी मापदंड खरा, पण तो शहराची पाणीयोजना आखताना धरायचा आकडा आहे. भूमिगत टाकी आणि पंप असलेल्या सोसायटीत किती पाणी येते आणि पोळातल्या, म्हणजे जुन्या शहरातील दाट वस्तीच्या गल्लीतल्या, तिसऱ्या मजल्यावर किती चढते, हे तो सांगत नाही. ‘माणशी’ हा शब्द उच्चारताच सर्वांना सारखे मिळते असे आपण धरून चालतो, आणि तपासायचे असते ते नेमके हेच.

प्रतिमान करणे म्हणजे परिस्थिती पाहणे, त्यातले काय धरायचे व काय सोडायचे हे ठरवणे, गणित मांडून सोडवणे आणि आलेले उत्तर पुन्हा त्या परिस्थितीशी ताडून पाहणे. आपले छात्राध्यापक सोडवण्यात तरबेज असतात, कारण शाळेपासून तेवढेच त्यांच्याकडून करून घेतलेले असते. नागरिकशास्त्र मात्र ‘काय धरायचे’ या प्रश्नात दडलेले आहे, म्हणून प्रकल्पाचा निम्मा वेळ तेथेच जाऊ द्यावा.

सिग्नलचे उदाहरण घ्या. समजा, रस्ता 14 मीटर रुंद आहे. चालणारा सेकंदाला 1.2 मीटर जातो असे धरले, तर पलीकडे पोचायला सुमारे 12 सेकंद लागतात. आता छात्राध्यापकांना चौकात उभे करून खरी माणसे मोजू द्या. हातात पिशवी घेतलेल्या आजी सेकंदाला 0.7 मीटरच चालत असतील, तर त्यांना 20 सेकंद हवेत. हे जादा 8 सेकंद वाहनांच्या वाटणीतून येतात. 90 सेकंदांच्या चक्रात तासाला 40 फेऱ्या होतात, म्हणजे वाहनांचा हिरवा दिवा तासाला 5 मिनिटे 20 सेकंदांनी कमी होतो. त्या थांबलेल्या वाहनांत शहर बसही असते आणि रुग्णवाहिकाही. येथवर गणिताचा विद्यार्थी आणतो. कोणाची चाल प्रमाण मानायची, याचे उत्तर भागाकारातून निघत नाही. तेथे सामाजिक विज्ञानाच्या विद्यार्थ्याने पुढे यावे आणि दोघांनी मिळून वर्गासमोर आपला निर्णय मांडावा. (दोघांचे अहवाल वेगवेगळे लिहून शेवटी एका फाइलीत टाचण्याची आपल्याकडची पद्धत कृपया टाळावी.)

निवडणुकीबद्दल आपल्या सहकाऱ्यांची भीती मी समजू शकतो, परंतु मते कशी मोजावीत हा पक्षाचा प्रश्न नसून नियमाचा प्रश्न आहे. बडोदे महानगरपालिकेत 19 प्रभाग असून प्रत्येकातून 4, म्हणजे एकूण 76 नगरसेवक निवडून येतात आणि मतदाराला चार उमेदवारांपर्यंत मते देता येतात. खऱ्या पक्षांची नावे न घेता 1000 मतदार धरा : 450 जण ‘क’ पॅनेलचे (म्हणजे एकत्र उभ्या राहिलेल्या चार उमेदवारांच्या गटाचे), 350 ‘ख’चे, 200 ‘ग’चे. प्रत्येकाने आपल्याच पॅनेलला चारही मते दिली, तर निम्म्याहून कमी पाठिंब्यावर चारही जागा ‘क’ला जातात, त्याच चार जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या, तर 2, 1, 1 अशा पडतात. आता गृहीतक जरासे हलवा. ‘क’च्या 100 मतदारांनी आपल्या चौथ्या उमेदवाराऐवजी ‘ख’च्या एका ओळखीच्या, कामसू बाईंना मत दिले, की त्या बाई 450 वर पोचतात, चौथा उमेदवार 350 वर घसरतो आणि एक जागा फिरते. वर्गातून लगेच हात वर होतील : लोक पॅनेल बघून मत देतात की माणूस बघून? महिलांसाठीच्या राखीव जागांचा नियम पहिल्या फेरीत बाजूला ठेवला तरी चालेल, मात्र तो बाजूला ठेवला आहे, हे फळ्यावर लिहून ठेवावे. आणि प्रचलित पद्धतीची बाजूही एका गटाला मनापासून लढवायला लावावी. मोजणी सोपी आणि माणूस ओळखीचा, हे तिचे गुण थोडेथोडके नाहीत.

हे अभ्यासक्रमाबाहेरचे आहे, असे कोणी म्हणालेच, तर 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलांच्या विचारांचे गणितीकरण, म्हणजे मुलांना गणिती रीतीने विचार करता येणे, हे गणित शिक्षणाचे मुख्य उद्दिष्ट मानले आहे, याची आठवण द्यावी. गुण देताना अचूक उत्तराला थोडे आणि गृहीतके स्पष्ट लिहून ती एकदा तरी बदलून पाहण्याला जास्त ठेवावेत.

राहिला आपला आजव्याचा विद्यार्थी. त्याला 15 लिटरची बादली आणि घड्याळ देऊन पोळातल्या एखाद्या तिसऱ्या मजल्यावर पाणी येण्याच्या वेळी पाठवा. बादली भरायला 3 मिनिटे लागली आणि नळ 45 मिनिटे चालला, तर हाती येतात 15 बादल्या, म्हणजे 225 लिटर. घरात पाच माणसे असली, तर माणशी 45. हा आकडा 135 च्या शेजारी लिहून त्याने आपले गणित पुन्हा मांडावे, आणि या वेळी जोडीला सामाजिक विज्ञानाचा एक विद्यार्थी द्यावा.