पणजोबांच्या पेटीत फ्रीमेसनचं चांदीचं पदक सापडलंय. निजामाच्या राज्यात आपल्या लोकांना लॉजमध्ये घ्यायचे का?

तुम्ही लिहिलंय की हिंगोलीच्या घरी पणजोबांच्या ट्रंकेत चांदीचा एक गुण्या (काटकोन तपासायचं गवंड्याचं हत्यार) निघाला, त्याला खाली छोटी पट्टी टांगलेली आहे आणि पट्टीवर तीन चौकोन एकमेकांना चिकटून कोरलेत. पणजोबा निजामाच्या रेल्वेत, सिकंदराबादला होते. आणि घरातलं कुणी म्हणतंय की ही जादूटोण्याची वस्तू आहे, गोदावरीत सोडून या. कृपा करून सोडू नका. ती फ्रीमेसन नावाच्या बंधुसंघटनेची वस्तू आहे, आणि लॉज म्हणजे त्या संघटनेची स्थानिक शाखा.

मी जालन्याचा, आमच्या घरात तीन पिढ्या गवंडीकाम. त्या पट्टीवरचं चित्र मी लहानपणापासून जमिनीवर बघत आलोय. पाया आखताना वडील एका बाजूला तीन फुटांवर खुंटी ठोकायचे, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर, आणि मधली दोरी बरोबर पाच फूट भरली की म्हणायचे, "आता कोन बसला." काटकोन त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंवर चौकोन काढले की तुमच्या पट्टीवरची आकृती तयार होते. युक्लिड या ग्रीक गणितज्ञाच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडातलं हे 47वं प्रमेय. इंग्लंडच्या परंपरेत गुण्याखाली ते टांगलेलं पदक लॉजचं प्रमुखपद भूषवून झालेल्या माणसाचं असतं. म्हणजे तुमचे पणजोबा नुसते सभासद नव्हते, ते मास्टरच्या खुर्चीत बसलेले होते.

फ्रीमेसनांनी सगळी चिन्हं दगडकाम करणाऱ्यांची घेतली. मास्टरच्या गळ्यात गुण्या, त्याच्या खालोखालच्या वॉर्डनकडे सपाटी बघायची पाणसळ, धाकट्या वॉर्डनकडे उभी रेषा बघायचा ओळंबा. अंगावर पांढऱ्या कोकराच्या कातड्याचा एप्रन. हे सगळं आमच्या थैलीत असतं, एप्रन सोडून! म्हणूनच हा विषय मला परका कधी वाटला नाही.

आता सुरुवातीचं. 24 जून 1717 रोजी लंडनच्या एका मद्यालयात चार लॉजेस एकत्र आली आणि पहिलं ग्रँड लॉज, म्हणजे लॉजेसची वरची संस्था, झालं. आयर्लंडच्या ग्रँड लॉजने 1732 पासून पलटणींना फिरत्या सनदा द्यायला सुरुवात केली. पलटण जाईल तिथे लॉज जायचं. भारतात कलकत्ता, मग मद्रास, मग मुंबई असा हा प्रवास झाला. आपल्या मराठवाड्यात तो छावण्यांच्या वाटेने आला. हैदराबाद कंटिंजंट म्हणजे निजामाच्या खर्चाने ठेवलेली, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज. तिचं मुख्य ठाणं सिकंदराबादजवळ बोलारमला, आणि तिच्याच तुकड्या जालना, औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथे. 1903 मध्ये कंटिंजंट मोडली तोवर अधिकाऱ्यांच्या बदल्या याच ठाण्यांमध्ये फिरत असत. म्हणून मराठवाड्यातल्या मेसनांचा माग काढायचा तर तो सिकंदराबादकडून काढावा लागतो.

तुमचा खरा प्रश्न, आपल्या माणसांना प्रवेश होता का. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी नव्हता, आणि याची मला चीड येते, कारण 'सगळे बंधू' हे ब्रीद त्यांचंच. मुंबईत माणेकजी खरशेटजी या पारशी गृहस्थांना नाकारलं गेलं. त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. मग 1843 मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी स्कॉटलंडच्या सनदेवर मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज काढलं, ते मुद्दाम भारतीयांना घेता यावं म्हणून. कलकत्त्यात हिंदूंसाठी भांडण आणखी लांबलं. देव अनेक मानणारा माणूस एका परमेश्वराची शपथ कशी घेणार, असा आक्षेप होता. शेवटी 1872 मध्ये प्रसन्नकुमार दत्त यांना प्रवेश मिळाला. त्याच साली हैदराबादेत कुतुबशाही काळातली गोशामहल बारादरी मेसनांच्या वापरासाठी मिळाली. तेव्हा राज्याचा कारभार दिवाण सालारजंगांच्या हाती होता. पुढे भारतातल्या लॉजमध्ये बायबलबरोबर गीता, कुराण, अवेस्ता, ग्रंथसाहेब ठेवून ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर हात ठेवावा अशी रीत पडली. तुमचे पणजोबा अशाच कुठल्या तरी गीतेवर हात ठेवून उभे राहिले असावेत असं मनात आलं की मला फार बरं वाटतं.

जादूटोण्याचं म्हणाल तर लोकांची भीती समजण्यासारखी आहे. दारं बंद, आत काय चाललंय ते कुणाला सांगायचं नाही, दाराबाहेर नागवी तलवार घेतलेला पहारेकरी. उत्तर हिंदुस्थानात तर लॉजला 'जादूघर'च म्हणायचे. पण नवं लॉज स्थापन करताना विधीत वाहतात काय, तर धान्य, द्राक्षमद्य आणि तेल. आपण वास्तुशांतीला धान्य ठेवतोच की.

एक काम करा. पदक उलटं करून उजेडात तिरपं धरा. अशा पदकाच्या मागे बहुतेक वेळा नाव, लॉज, क्रमांक आणि साल कोरलेलं असतं. इंग्लंडच्या नोंदवहीतले क्रमांक 1863 मध्ये शेवटचे बदलले, तेव्हा हजाराच्या पुढचा आकडा दिसला तर ते लॉज त्या सुमाराचं किंवा नंतरचं. चिंच किंवा राख लावून घासू नका, अक्षरं झिजतील. मऊ सुती फडक्याने पुसा आणि काय वाचता येतंय ते इथे लिहा.