स्फिग्मोमॅनोमीटर (बीपी मोजायचं मशीन) या शब्दात सिलॅबल किती, जोर कुठे आणि शब्दाचे भाग कोणते?

सहा. स्फिग्-मो-म-नॉ-मि-टर. जोर चौथ्यावर, ‘नॉ’वर. ‘मीटर’वर जोर देऊ नका हो, या एका शब्दापायी भर तोंडी परीक्षेत माझं हसं झालंय.

नर्सिंगचं पहिलं वर्ष, मी मराठी माध्यमातली. टेबलावर पाऱ्याचं बीपी मशीन. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम म्हणाल्या, नाव सांग. मी आपल्या ‘थर्मामीटर’च्या चालीवर ठणकावलं, “स्फिग्मो, मॅनो, मीटर.” मॅडम शेजारच्या सरांकडे बघून हसल्या. “बीपी मशीन म्हण बाई, झेपत नसेल तर.” मग स्वतः पट्टा बांधून दाखवला आणि स्टेथोची चकती चक्क पट्ट्याच्या आत खुपसली! मनगटाची नाडी चाचपली नाही, काही नाही, पारा सरळ दोनशेच्या वर. मी गप्प. मार्क त्यांच्या हातात.

रात्री हॉस्टेलवर मैत्रिणीची डिक्शनरी घेऊन बसले, तेव्हा गोम कळली. मोजायच्या यंत्रांच्या अशा नावांत जोर ‘मिटर’च्या लगेच आधी पडतो. थर्मॉमिटर, बरॉमिटर, स्पीडॉमिटर. मराठीत जोर इकडचा तिकडे केला म्हणून शब्द बदलत नाही, मग आपल्या कानाला ही सवय लागणार कुठून? यात लाज कसली?

भागांचं म्हणाल तर सगळं ग्रीक. ‘स्फिग्मॉस’ म्हणजे नाडी. गुदमरण्याचा ‘अस्फिक्सिया’ याच घरातला, त्याचा मूळ अर्थ नाडी न लागणं. ‘मॅनॉस’ म्हणजे विरळ, म्हणून ‘मॅनोमीटर’ म्हणजे विरळ वायूचा दाब मोजणारं यंत्र. त्याचा हाताशी, ‘मॅन्युअल’शी काडीचा संबंध नाही (हे ज्ञान मॅडमनी माझ्या पुढच्या मुलीला दिलं होतं). आणि नावात नाडी उगाच नाही आली. रिव्हा-रोच्ची या इटालियन डॉक्टरने १८९६ साली पाऱ्याचं यंत्र केलं, तेव्हा पट्टा फुगवून मनगटाची नाडी कधी बुडते तेच बघायचे. स्टेथोने आवाज ऐकणं कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरचं, १९०५ मधलं. म्हणजे ज्या नाडीवरून नाव पडलं, तीच मॅडमनी चाचपली नव्हती.

हां, सेंटिमीटरला हा नियम लावू नका, ते एकक आहे, तिथे जोर ‘सें’वर. किलोमीटर तर इंग्रज स्वतःच दोन्ही तऱ्हांनी म्हणतात. आणि खरं सांगायचं तर वॉर्डात हा शब्द कुणी काढत नाही, “सिस्टर, बीपी बघा” एवढंच. तुम्ही परीक्षेसाठी विचारत असाल तर उच्चार चुकला तरी चालेल. चकती तेवढी पट्ट्याच्या बाहेर, कोपराच्या खळग्यात ठेवा.