भाषा बदलण्याआधी सेटर बंद करून पाहा

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. जावामधलं बिलिंग, एकच ऑर्डर-ऑब्जेक्ट सगळ्या मॉड्यूल्समधून फिरतोय, मध्येच कुणीतरी त्यात बदल करतं आणि रिपोर्टचा आकडा चुकतो. त्यावर वरून फर्मान, की ओओपी (ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धत) सोडा, सगळं स्कालात, म्हणजे फंक्शनल वळणाच्या (डेटा न बदलता फंक्शन्सनी काम करायच्या) भाषेत, नव्याने लिहा. आमच्याकडे हे होऊन गेलंय, म्हणून लिहितेय. क्लास, लॅम्बडा वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

आमचा बग असा होता. ऑर्डर हॅशसेटमध्ये, म्हणजे एक गोष्ट एकदाच ठेवणाऱ्या संग्रहात, ठेवलेली आणि हॅशकोड (सेट ज्या आकड्यावरून वस्तू शोधतो तो) ज्या फील्ड्सवरून निघतो त्यांत स्टेटसही होतं. पुढे कुठेतरी स्टेटसचा सेटर, म्हणजे फील्डची किंमत बदलणारी मेथड, चालला. आता सेटला कंटेन्स (ही ऑर्डर आहे का?) विचारलं, की उत्तर फॉल्स. तोच सेट लूपने छापला, तर ऑर्डर समोर हजर! हॅशकोड बदललेला, नोंद मात्र जुन्याच हॅशवर. रिमूव्ह लागू पडेना आणि पुन्हा अ‍ॅड केली, की तीच ऑर्डर सेटमध्ये दोनदा, म्हणजे बिलातही दोनदा.

हे सगळं स्टेप-बाय-स्टेप लिहून तेव्हाच्या कंपनीच्या आर्किटेक्चर समितीकडे पाठवलं. तिथे कुणी ते उघडून पाहिलं असेल असं वाटत नाही. उत्तर काय, तर "ओओपी कालबाह्य झालंय, पोर्ट करा." केलं पोर्ट. पण स्कालातही वार, म्हणजे बदलता येणारं व्हेरिएबल, आहे, म्युटेबल (बदलता येणारी) कलेक्शन्स आहेत, जावाच्या लायब्रऱ्याही जशाच्या तशा चालतात. अर्ध्या टीमने सेमिकोलन काढून जावाच लिहिला. उरलेल्यांनी मोनॅडवर मोनॅड (पायऱ्या एकमेकींना जोडण्याची फंक्शनल रचना) असे रचले, की रिव्ह्यूला कुणी हात लावेना. नवी फीचर्स अडली, टेस्ट्स मागे पडल्या आणि हाच बग नव्या सिंटॅक्समध्ये परत आला. समिती तोवर मायक्रोसर्व्हिसेसवर बोलत होती. असो.

माझं मत विचाराल तर तुमचं भांडण ओओपीशी नाहीच, शेअर्ड म्युटेबल स्टेटशी, म्हणजे अनेकांच्या हातातल्या आणि कुणीही बदलू शकेल अशा डेटाशी, आहे. त्याचा इलाज जावातच आहे. रेकॉर्ड्स, म्हणजे ज्यांची फील्ड्स नंतर बदलता येत नाहीत असे डेटा-क्लास, जावा १६ मध्ये, २०२१ साली पक्के झाले. सेटरच नाही, स्टेटस बदलायचं तर नवी ऑर्डर बनवा. मात्र रेकॉर्ड वरवरच इम्युटेबल असतो. आत अ‍ॅरेलिस्ट ठेवलीत तर ती बाहेरून कुणीही बदलेल, म्हणून कन्स्ट्रक्टरमध्येच लिस्ट.कॉपीऑफ करून घ्या. हायबरनेट (ऑब्जेक्ट्स डेटाबेसमध्ये ठेवणारी लायब्ररी) असेल तर एंटिटीला, म्हणजे टेबलशी जोडलेल्या क्लासला, रेकॉर्ड करता येत नाही. एंटिटी डेटाबेसच्या उंबऱ्यावरच ठेवा, आत येताना तिचा रेकॉर्ड करा आणि सूट-कराचा हिशेब साध्या, साइड इफेक्ट नसलेल्या (बाहेरचं काही न बदलणाऱ्या) फंक्शन्समध्ये करा. एवढ्याने निम्मं डोकं शांत होतं.

मग क्लास कुठे आणि फंक्शनल कुठे? नवे प्रकार येत राहणार असतील, जसे पेमेंटचे मार्ग, तर इंटरफेस आणि क्लासच बरे. प्रकार ठरलेले आहेत, पण त्यांच्यावरची कामं वाढतायत, तर सील्ड इंटरफेस (ज्याचे प्रकार आधीच ठरवून दिलेले असतात) आणि स्विच. जावा २१ पासून स्विचमध्ये एखादा प्रकार राहून गेला तर कंपायलरच अडवतो, फक्त डिफॉल्ट लिहून त्याचं तोंड बंद करू नका. प्रोग्रामिंग भाषांचे संशोधक फिलिप वॉडलर यांनी १९९८ मध्ये या ओढाताणीला 'एक्स्प्रेशन प्रॉब्लेम' असं नाव दिलं. ती कुठल्याच बाजूने फुकटात सुटत नाही.

माझा अनुभव बिझनेस सॉफ्टवेअरपुरता आहे, गेमवाले वेगळं सांगतील. भाषा बदलून खरंच फायदा होतो अशी कामंही आहेत. एर्लांग ही भाषा एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्सचेंजसाठी घडली. तिथे प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी, एक कोसळली तरी बाकीच्या चालू राहतात. जावात नुसती शिस्त पाळून ते मिळत नाही. पण तुमच्या वर्णनात तशी गरज मला दिसली नाही.

आणि हो, फंक्शनलच्या उत्साहात जावात खोल रिकर्शन (स्वतःलाच बोलावत राहणारं फंक्शन) लिहू नका. टेल कॉल (फंक्शनची शेवटची पायरी म्हणून केलेला कॉल) असला तरी स्टॅक वाढतोच. सरळ लूप लिहा, फंक्शनच्या आत राहिलेलं लोकल व्हेरिएबल कुणाचं काही बिघडवत नाही.

रिपोर्टमध्ये तारखाही चुकत असतील तर कोडमध्ये जुना डेट क्लास आणि स्टॅटिक सिंपलडेटफॉरमॅट शोधा. पहिला म्युटेबल आहे, दुसरा थ्रेड-सेफ नाही, म्हणजे एकाच वेळी अनेक थ्रेड्सनी वापरला तर चुकू शकतो. जावा ८ पासून लोकलडेट आणि डेटटाइमफॉरमॅटर आहेत, ते वापरा.